जुन्या रेसिंग कारचं किट स्लॉटवर आणताना मोटरचा विचार शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्या, करण्यासाठी १:२४ प्रमाणातली दोन प्लास्टिक किटं आहेत, एक मासेराटी २५०एफ आणि दुसरं फोर्ड जीटी४०. मासेराटी जोडून झाली, तिच्याखाली पितळी पट्टीची चासी केली आणि १३० आकाराची मोटर बसवली. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जाते, पण पहिल्याच वळणावर कुशीवर पडते. जास्त चिकट सिलिकॉनचे टायर घातले तर आणखी लवकर पडायला लागली. मग मॅग्नेट लावावा का, की जास्त ताकदीची मोटर घ्यावी? आणि जीटी४०ला हीच चासी चालेल का?

आधी सरळ उत्तरं देतो. मॅग्नेट नको. मोठी मोटर तर मुळीच नको, उलट आहे तीच जास्त आहे. आणि जीटी४०ची चासी वेगळी करावी लागेल. आता कारणं.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: चिकट टायर घातल्यावर गाडी आणखी लवकर पडायला लागली. याचा अर्थ गाडीला पकड कमी पडत नाहीये, पकड पुरून उरतेय. पकड कमी असती तर मागची बाजू बाहेर फेकली गेली असती आणि गाडी घसरत वळली असती. घसरणारी गाडी आणि उलटणारी गाडी हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. मॅग्नेट, मोटर, टायर ही सगळी औषधं तुम्ही पहिल्या आजाराची शोधताय. तुमच्या गाडीला दुसरा झालाय.

स्लॉट कार दिसते चार चाकांवर उभी, पण बऱ्याच गाड्या वळणात असतात तिवईसारख्या. मागची दोन चाकं हे दोन पाय आणि पुढचा गाईड, म्हणजे खाचेत उतरणारा फिरता तुकडा, हा तिसरा. पुढची चाकं नुसती हवेत फिरत असतात किंवा ट्रॅकला जेमतेम शिवतात. आता तिवई कधी कलंडते? गुरुत्वमध्याखाली तिचा पाया जितका रुंद, तितकी ती पक्की. गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून जितका पुढे सरकेल, तितका तो त्रिकोणाच्या निमुळत्या भागात जातो आणि पाया अरुंद होतो.

तुमच्या मासेराटीचेच आकडे घेऊ. खऱ्या २५०एफच्या मागच्या चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास होतं, म्हणजे १:२४मध्ये साधारण ५२ मिलिमीटर. टायरची रुंदी धरून बाहेरच्या कडा मधल्या रेषेपासून प्रत्येकी २९ मिलिमीटरवर येतात. मागच्या एक्सलपासून गाईडच्या खुंटीपर्यंतच्या लांबीत गुरुत्वमध्य ४५ टक्क्यांवर असेल, तर तिथे तिवईचा अर्धा पाया २९चे ५५ टक्के, म्हणजे फक्त १६ मिलिमीटर उरतो. गुरुत्वमध्याची उंचीही १६ मिलिमीटर असेल तर भागाकार येतो १. टायरची पकड, म्हणजे तो वजनाच्या किती पट बाजूचा जोर सोसतो ते प्रमाण, त्या १च्या वर गेली की घसरण्याआधीच गाडी कलंडणार. चांगला, स्वच्छ सिलिकॉन टायर गुळगुळीत ट्रॅकवर १च्या वर सहज जातो. तुमची गाडी पडते ती इथे.

आता तीच उंची १२ मिलिमीटरवर आणा. भागाकार १.३३ होतो. गुरुत्वमध्य थोडा मागे, समजा ३५ टक्क्यांवर नेला तर अर्धा पाया १९ होतो आणि भागाकार दीडच्या पुढे जातो. त्यात पुढची चाकं ट्रॅकला नीट टेकवली तर बाहेरचं पुढचं चाक आधार देतं आणि तिवईची पुन्हा चारपाई होते. मोटरला हातही न लावता गाडी बदलते ती अशी.

मॅग्नेटबद्दल एवढंच सांगतो की तो आजार झाकतो. प्लास्टिकच्या ट्रॅकवरच्या वीज देणाऱ्या पट्ट्या लोखंडी असतात, तिथे मॅग्नेट गाडीला खाली खेचून धरतो आणि गाडी रुळावर चालल्यासारखी वळते, मग एका क्षणी सुटते ती थेट भिंतीवर. लाकडी ट्रॅकवर तांब्याची टेप असेल तर मॅग्नेट म्हणजे नुसतं ओझं, कारण तांब्याला तो चिकटतच नाही. जुन्या गाड्यांची खरी मजा मागची बाजू हलकेच बाहेर काढून वळण घेण्यात आहे. ४ ऑगस्ट १९५७ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर ड्रायव्हर फँजिओने याच २५०एफमध्ये फेरारीच्या दोन गाड्यांना गाठून शर्यत जिंकली आणि पाचवं विश्वविजेतेपदही. ती गाडी वळणात चारही चाकांवर घसरत जायची. तिच्या प्रतिकृतीला मॅग्नेटने जमिनीला डकवून ठेवणं मला तरी पटत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठरवावी लागेल. ‘जुन्या धाटणीची स्लॉट कार’ म्हणजे जुनी रेसिंग कार की जुनी स्लॉट कार? दोन्हींत फरक आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्लॉट रेसिंगची लाट आली तेव्हा लोक पितळी नळ्या आणि पियानो वायर (ताठ पोलादी तार) जोडून चासी बनवत. आजही काही जण हौसेने तशीच चासी, तशीच उघडी मोटर वापरतात. बॉडी त्यांच्यासाठी दुय्यम. दुसऱ्या पंथाला ट्रॅकवर खरी २५०एफ धावताना दिसायला हवी, खाली काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तुम्ही किटावर एवढे कष्ट घेतलेत म्हणजे दुसऱ्या पंथातले असणार असं धरून मी लिहितोय. पहिल्या पंथातले असाल तर चासीचा भाग तेवढा घ्या, बॉडीचा सोडून द्या.

याखेरीज काही गोष्टी तुमच्या ट्रॅकवर अवलंबून आहेत. वळणं किती आखूड आहेत, पृष्ठभाग रंगवलेलं लाकूड आहे की प्लास्टिक, वीजपुरवठा १२ व्होल्टवरच अडकलाय की कमी करता येतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टायरची निवड यावर पूर्ण फिरते. बाकीचं, म्हणजे वजन कुठे असावं आणि काय सरळ असावं, ते कुठल्याही ट्रॅकवर तेच राहतं.

माझा कामाचा क्रम असा असतो: आधी बॉडी हलकी करायची, मग तिच्यावरून एक्सलच्या जागा मोजायच्या, मग गाईड, मग चासी, चाकं, आणि सगळ्यात शेवटी मोटर नि गिअर. तुम्ही, बहुतेक सगळे नवखे करतात तसं, मोटरपासून सुरुवात करून मागे आलात. मीही पहिल्या तीन-चार गाड्या तशाच केल्या. त्यातल्या एकीत मोटर थेट बॉडीच्या आत गरम गोंदाने चिकटवली होती. दहा मिनिटं धावल्यावर मोटर तापली, पॉलिस्टायरीन मऊ पडलं आणि शेपटीचा आकार सुकलेल्या भेंडीसारखा झाला. तेव्हापासून मोटर बॉडीला कुठेही चिकटू देत नाही.

बॉडीकडे वळू. किट बनवणारा ते शोकेससाठी बनवतो, त्याला वजनाची फिकीर नसते. आत पूर्ण इंजिन, सीट, पायांसकट ड्रायव्हर, जाड काच, क्रोमचे भाग, सगळं भरलेलं असतं. त्यातलं जे एक्सलच्या उंचीच्या वर आहे आणि बाहेरून दिसत नाही ते सगळं काढून टाका. ड्रायव्हर छातीपासून वर ठेवा, हात स्टिअरिंगपर्यंत, बस. त्याचं डोकंसुद्धा बहुतेकदा भरीव असतं, खालून ड्रिल करून पोकळ करा. वरच्या बाजूच्या भिंती आतून खरवडून पातळ करता येतात. मिनी ड्रिलला बारीक बर (खरवडायचं टोक) लावा, कमी वेगावर चालवा, आणि दर काही सेकंदांनी प्रकाशासमोर धरून पाहा. प्रकाश आरपार दिसायला लागला की थांबा. बाजूच्या आणि खालच्या भिंतींना हात लावू नका, आपटण्याचा मार त्याच खातात. माझ्या एका उघड्या चाकांच्या १:२४ गाडीची बॉडी किटात सांगितल्याप्रमाणे जोडली तेव्हा ३१ ग्रॅम होती, हे सगळं केल्यावर १८ झाली. गेलेले तेरा ग्रॅम सगळे वरचे होते, आणि वरचा एक ग्रॅम खालच्या तीन ग्रॅमांएवढा त्रास देतो असं मी धरून चालतो.

वजनावरून गंमत सांगतो. लांबी २४ पट कमी होते, पण वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट कमी व्हायला हवं. खरी २५०एफ साडेसहाशे किलोच्या आसपास धरली तर तुमची गाडी ४७ ग्रॅमची व्हायला हवी. पितळी चासी, मोटर आणि चाकं मिळून त्याच्या दुप्पट सहज होतात. त्यामुळे ‘प्रमाणबद्ध वजन’ हा हट्ट सोडून द्या. एकूण वजन ११० ग्रॅम झालं तरी मला चालतं, फक्त त्यातलं बहुतेक वजन एक्सलच्या रेषेखाली आणि मागच्या निम्म्यात हवं.

आता मोजमाप. २५०एफचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २२८० मिलिमीटर, म्हणजे १:२४मध्ये ९५. पण कागदावरच्या आकड्यापेक्षा बॉडी काय सांगते ते ऐका. किटांमध्ये एखाद-दोन मिलिमीटरची चूक असतेच. बॉडी सपाट फळीवर हव्या त्या उंचीला ठोकळ्यांवर बसवा, किटाचीच चाकं आपापल्या जागी धरा आणि एक्सलचे मध्य फळीवर उतरवून घ्या. हीच तुमची चासीची आखणी. उघड्या चाकांच्या गाडीत एक मिलिमीटरही लगेच नजरेत भरतो, कारण सस्पेन्शनचे दांडे चाकाच्या मध्याकडे बोट दाखवत असतात.

गाईड जितका पुढे तितकं चांगलं, पण २५०एफचं नाक निमुळतं आहे आणि तोंड अंडाकृती, त्यामुळे गाईड नाकाच्या खाली लपवावा लागतो. मी तो पुढच्या एक्सलच्या थोडा पुढे, नाकाच्या टोकाआत बसेल असा ठेवतो. तो दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. इथे एक चूक फार जण करतात: मोटरकडून येणाऱ्या तारा जाड, ताठ असतात. त्या स्प्रिंगसारख्या गाईडला एका बाजूला ओढत राहतात आणि गाडी नेहमी एकाच दिशेच्या वळणावर सुटते. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार वापरा आणि गाईडमागे तिला एक सैल वळसा द्या. गाईडला लावलेल्या, ट्रॅकवरून वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेण्यांची टोकंही खाली वाकवून पिंजारलेली नसावीत. त्या जाड राहिल्या तर गाईड उचलला जातो, खाचेत पूर्ण उतरत नाही, आणि मग वळणात तो सुटणं ठरलेलंच.

चासीसाठी तुमची पितळी पट्टी वाया घालवू नका, पण ती एकसंध आणि ताठ असेल तर बदलावी लागेल. मी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पितळी सळईचे दोन कणे करतो, मागे मोटर आणि एक्सलचा ब्रॅकेट, पुढे गाईडची जीभ आणि पुढच्या एक्सलची नळी. एक्सल ३/३२ इंचाचा असेल तर १/८ इंच बाहेरच्या व्यासाची पातळ पितळी नळी त्यावर बेअरिंगसारखी नीट बसते, आणि तिच्यावर ५/३२ची बसते. ही नळ्यांची उतरंड फार कामाची आहे. किमान ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. कमी वॅटचं आयर्न पितळ आधी सगळीकडे गरम करतं आणि मग डाग धरतो तोवर शेजारचा डाग सुटलेला असतो. भाग लाकडी फळीवर खिळ्यांनी अडकवून ठेवा. पियानो वायर वापरलीत तर आम्लाचा फ्लक्स (डाग धरायला लावायचं द्रव्य) लागेल, आणि काम झाल्यावर तो खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा. नाहीतर महिन्याभरात मोटरच्या बेअरिंगजवळ गंज दिसेल.

दोन गोष्टींत मात्र कुठलीही तडजोड नको. मागचा एक्सल चासीच्या मध्यरेषेशी अगदी गुण्यात, म्हणजे काटकोनात हवा, आणि चासी काचेवर ठेवल्यावर कुठेही डुगडुगता कामा नये. मी चासी काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने एकेक दाबतो. टकटक आवाज आला तर ती परत फळीवर जाते. नजरेला न दिसणारा पीळ गाडीला डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वागायला लावतो.

बॉडी चासीला कशी जोडायची यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण अर्धी लढाई इथेच असते आणि बहुतेक सूचनापत्रकांत यावर एक ओळही नसते. बॉडी घट्ट आवळली की चासीचा प्रत्येक हिसका बॉडीत जातो, आणि वर असलेलं ते वजन हिसका मोठा करून परत देतं. बॉडी जराशी सैल ठेवली की ती हिसका थोडा उशिरा घेते आणि तेवढ्या वेळात टायर घसरायला लागतात. म्हणून स्क्रू पूर्ण आवळून मग अर्धा फेरा उलटा फिरवा. बॉडी हाताने हलवली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर हलली पाहिजे, खडखडाट नको. स्क्रू सुटू नये म्हणून त्याच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब. २५०एफसारख्या अरुंद गाडीत मी दोन स्क्रू वापरतो, एक नाकात, एक शेपटीत. प्लास्टिकचे खांब सुपरग्लूने चिकटवू नका. तो ठिसूळ असतो, आणि त्याच्या वाफेने जवळच्या काचेवर पांढरी धुकट पुटं चढतात. एपॉक्सी लावा, खाली खरवडून खडबडीत केलेल्या जागेवर, आणि रात्रभर हात लावू नका.

चाकांबद्दल. किटातले पोकळ व्हिनिलचे टायर शोकेससाठीच ठीक. त्यांना पकड नसते, आणि वर्षानुवर्षं ठेवले तर त्यातलं तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनचा रिम खाऊन टाकतं. ॲल्युमिनियमचे कातलेले रिम घ्या आणि त्यात तारांच्या चाकाचे कोरीव पत्र्याचे इन्सर्ट बसवा. २५०एफला बोरानी कंपनीची तारांची चाकं होती, त्यामुळे इथे कंजूषी केली तर बाकीचं सगळं काम वाया जातं. मागचे टायर साधारण साडेसात मिलिमीटर रुंद ठेवा. खरे टायर सुमारे सात इंचांचे होते, त्याच हिशोबाने. जास्त रुंद टायर घालायचा मोह होईल, पण या गाडीला तो शोभत नाही आणि पकड वाढून तुमचा आजारही वाढतो.

टायर कशाचे? तुमच्या सिलिकॉनच्या जागी आधी युरेथेनचे किंवा साध्या रबराचे लावून पाहा. टायर रिमला चिकटवा, मग चाकं एक्सलवर चढवून गाडी हळू चालवत सपाट फळीवर चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर मागचे टायर टेकवा, मोटरला पाच-सहा व्होल्ट पुरे. टायर पूर्ण गोल नसेल तर आधी पेपर तुटक तुटक घासल्याचा आवाज येतो. तो सलग झाला की टायर गोल झाला. बाहेरच्या कडा किंचित गोलाकार करा. धारदार कड वळणात ट्रॅकमध्ये रुतते आणि गाडीला उलटवते, हे तुमच्या बाबतीत घडत असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

पुढचे टायर उलट हवेत: कडक आणि निसरडे. त्यांच्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या. पुढची चाकं ट्रॅकला टेकलेली, एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारी ठेवा. त्यांनी गाडी वळवायची नाही, फक्त कलंडताना हात द्यायचा. फार जोरात टेकवलीत तर गाईड खाचेतून उचलला जाईल, म्हणून वेण्यांसकट गाईड टेकल्यावर चाकांखालून एक साधा कागद जेमतेम ओढता यावा इतपत.

आता मोटर. तुमची १३० आकाराची मोटर साधारण २० मिलिमीटर रुंद, १५ उंच आणि २५ लांब आहे. तिची चपटी बाजू खाली ठेवून, शाफ्ट मागच्या एक्सलकडे करून, ड्रायव्हरच्या खाली आडवी झोपवा. वजन खाली जातं आणि मागेही सरकतं. वेगाबद्दल हिशोब करून पाहा. मोटर १२ व्होल्टला मिनिटाला १८,००० फेरे घेते असं धरू, टायरचा व्यास २७ मिलिमीटर आणि गिअर तीनास एक. मग मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २८ मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे सेकंदाला साडेआठ मीटरच्या जवळ. खरी गाडी ताशी ३०० किलोमीटर धावली असं मानलं तरी तिच्या चोविसाव्या हिश्श्याला सेकंदाला साडेतीन मीटर पुरतात. प्रत्यक्ष ट्रॅकवर घर्षणामुळे गाडी त्या साडेआठपर्यंत कधी पोचणार नाही, पण अर्ध्या थ्रॉटलवर जगणारी गाडी हातात कधीच गोड लागत नाही. म्हणून मी मोठ्या चाकांच्या जुन्या गाड्यांना साडेतीनास एकच्या आसपास गिअर देतो, नऊ दातांचं पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) आणि ३०-३२ दातांचं क्राउन (एक्सलवरचं मोठं). ब्रेकही त्याने सुधारतो. आणखी सौम्य मोटर मिळाली तर घ्याच. क्राउन आणि पिनियनमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाएवढी फट ठेवा, मग मोटर तीन व्होल्टवर वीस-पंचवीस मिनिटं फिरवून गिअर एकमेकांना ओळखू द्या.

एवढं झालं की दोन्ही शंका एका वाक्यात मिटतात: वजन खाली आणि मागे, बॉडी सैल, पकड मोजून मापून, वेग कमी. यातलं एकेक करून पाहिलंत तर कशाने किती फरक पडला तेही कळेल. सगळं एकदम बदललंत तर गाडी सुधारेल पण तुम्हाला काही शिकायला मिळणार नाही.

जीटी४०कडे. तिला हीच चासी का चालत नाही, ते तिच्या नावातच आहे. गाडीची उंची ४० इंचांच्या जवळपास म्हणून ती जीटी४०, म्हणजे १:२४मध्ये साधारण ४३ मिलिमीटर. व्हीलबेस २४१३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १००. चाकांमधलं अंतर मासेराटीपेक्षा पाचेक मिलिमीटर जास्त, टायर रुंद, नाक लांब आणि सपाट, त्यामुळे गाईड बराच पुढे नेता येतो. वरच्या हिशोबात ही गाडी जन्मतःच पास होते. खरं तर ही आधी करायला हवी होती, मासेराटी नंतर.

पण तिच्यात एक खोट आहे, काच. किटातली पारदर्शक काच जाड आणि सगळ्यात वर असते. तीच काच साचा म्हणून वापरून पातळ ॲसिटेटचा पत्रा गरम करून तिच्यावर ओढून घ्या, किंवा पातळ पारदर्शक पत्रा कापून चिकटवा. आतला पसारा काढून डॅशबोर्डच्या उंचीला पातळ ट्रे बसवा. मोटर इथे मागे, एक्सलच्या जवळ आडवी बसवता येते, कारण खऱ्या गाडीचं इंजिनही तिथेच होतं, आणि वजन आपोआप मागे जातं. चाकं बॉडीच्या आत असल्याने कमानी आतून पुरेशा खरवडा. बॉडी सैल ठेवली की ती बाजूला सरकते आणि टायर कमानीला घासतो, हे नंतर कळलं की रंगाचं काम खराब होतं. चासीत दोन्ही बाजूंना रुंद पितळी पट्ट्या सैल लावा, वजनही मिळतं आणि बॉडीला आधारही.

रंगाबद्दल एक सूचना, कारण दोन्ही किटांत स्टिकरांचा ढीग येतो. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर प्रायोजकांचे रंग १९६८मध्ये आले. २५०एफच्या काळात इटलीची गाडी लाल, ब्रिटनची हिरवी. त्यामुळे मासेराटी लाल आणि साधी ठेवा, तिच्यावर फक्त क्रमांकाची वर्तुळं. जीटी४०ला फिका निळा आणि नारिंगी पट्टा करणार असाल तर ती १९६८-६९ची गाडी होते. ले मान्सची २४ तासांची शर्यत या दोन्ही वर्षी त्या रंगातल्या एकाच चासीने, १०७५ क्रमांकाच्या, जिंकली. मग चाकंही त्या काळाची रुंद हवीत. आरसे आणि बाजूचा एक्झॉस्ट ही सगळ्यात आधी तुटणारी माणसं. आरसे लवचिक गोंदाने बसवा, आणि एक्झॉस्ट किटातल्या प्लास्टिकचा न ठेवता मऊ सोल्डरच्या तारेचा वळवा. आपटल्यावर वाकतो, परत सरळ करता येतो.

आणि एक गोष्ट, तुमच्या मासेराटीचा वंश मोठा आहे. १९५७मध्ये फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्सने विजेवर चालणाऱ्या पहिल्या स्कॅलेक्स्ट्रिक गाड्या आणल्या, त्यांतली एक टिनच्या पत्र्याची २५०एफच होती.

बदल करून पाहिल्यावर परत लिहाल तेव्हा हे आकडे नक्की द्या: रंगासकट बॉडीचं वजन, मागच्या एक्सलपासून गाईडच्या खुंटीपर्यंतचं अंतर, मागच्या टायरांची बाहेरून बाहेरची रुंदी, आणि गाडी मध्यरेषेवर बोटावर तोलून धरल्यावर ती एक्सलपासून किती मिलिमीटरवर तोल साधते. ट्रॅक लाकडी की प्लास्टिकचा, आणि सगळ्यात आखूड वळणाची त्रिज्या किती, तेही. सोबत गाडी पालथी घालून काढलेला एक फोटो. वरून काढलेले फोटो सगळेच पाठवतात, पण उत्तर खालच्यातच असतं.